परसातला खजिना

चहा घेता घेता ऐका, पण आधीच सांगून ठेवतो, यातला गाढव मीच आहे!

मी सुरतेत कापडाच्या कारखान्यात लूम चालवतो, कायमचा रातपाळीवाला. तिथंच कोसाडला आमचं छोटंसं बैठं घर आहे. बायको सुनंदा माहेरी, अमळनेरला गेली होती. रविवारी सकाळी मला हुक्की आली, परसात भरताची वांगी लावू या! तशी इथल्या बाजारातही मिळतात हो, पण आपल्याकडची चव? नाव काढू नका.

स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यात कुदळ मारली आणि ठण्ण! हातभर खाली तांब्याची हिरवटलेली डबी. झाकण जाम. उलथन्यानं उचकटलं, तर आत मातीचा लगदा, काळीठिक्कर सुपारी, रंगीत खड्यांचे बारके तुकडे आणि बोटाएवढा तांब्याचा माणूस. तोही पालथा!

कोण हा? कुणी पुरला? आणि पालथा का? मला तर चैनच पडेना.

शेजारचे रमणकाका भिंतीवरून डोकावले. "अरे, आ तो बौ जूनुं छे!"

"किती जुनं असेल काका?"

"सुरत लूंटायुं ने, त्यारनुं! कोई शेठे दाटी दीधेलुं." मग डोळा मारून म्हणाले, "तमारा महाराज आटलुं भूली गया!"

झालं! महाराजांच्या धाकानं शेठनं पुरलेली डबी, आणि सापडली कुणाला? खानदेशातल्या मराठी गड्याला! आणि डबी वर आहे म्हणजे हंडा खाली असणारच ना? दुपारपर्यंत मी कंबरभर खड्डा खणला. अख्खी गल्ली काठावर उभी. कुणी खड्यांना माणिक म्हणे, कुणी हिरे.

मी तिथूनच कारखान्यात मास्तरला, म्हणजे आमच्या मुकादमाला, फोन लावला. "मास्तर, आजपासून माझी रातपाळी बंद. दुसरा माणूस बघा!"

"क्यों? लॉटरी लगी क्या?"

"त्याहून मोठं!"

मग सगळ्यांसमोर ऐटीत सुनंदाला व्हिडिओ कॉल केला. "बघ, काय सापडलं!"

तिनं तो तांब्याचा माणूस पाहिला आणि किंचाळलीच. "अवं, हाई त आपली वास्तू शे! वास्तुशांतीनी!"

"आपली? कुणी पुरली?"

"तुम्हीच त गाडेल व्हती!"

मी? शक्यच नाही! मला आठवलं नसतं का?

तिनं वास्तुशांतीचा जुना फोटो पाठवला. हाच कोपरा. आत फरशी बसलेली, म्हणून भटजींनी बाहेर खड्डा करवलेला. खड्ड्यावर मी वाकलेलो, हातात हीच डबी, लख्ख नवी. माझे डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि सुनंदाचं कोपर माझ्या बरगडीत. रातपाळीवरून उतरून थेट पाटावर बसलो होतो हो! वास्तुपुरुषाला पालथा घालून मीही झोपलो होतो.

गल्ली हसून हसून लोळली. रमणकाका तर भिंत धरूनच बसले.

संध्याकाळी निमूट मास्तरला फोन केला. "मास्तर, येतोय रातपाळीला."

"और खजाना?"

"आहे ना. पण तो पुन्हा पुरायला एक दिवस रजा लागेल. आणि आदल्या रात्रीची पाळी नको, सुनंदाची सक्त ताकीद आहे."

"किसका खजाना है, बताओ तो?"

काय सांगणार कप्पाळ? सुरत लुटायला निघालेल्या या मर्दानं स्वतःचंच घर लुटलं होतं!