कच्च्या टाक्यांचं शीड

तात्या नेवासकरांनी जन्मात कधी ‘माझं चुकलं’ म्हटल्याचं उज्जैनीत कुणी ऐकलं नव्हतं. आणि का म्हणावं हो? ग्वाल्हेर संस्थानच्या फरासखान्यात, म्हणजे सरकारी तंबू, कनाती नि गालिचे सांभाळणाऱ्या खात्यात, त्यांनी चौतीस वर्षं तंबू शिवले. त्यांच्या आधी वडिलांनी, त्याआधी आज्यानं. घराण्याचा मूळ पुरुष म्हणे दाभण नि मेणाचा गोळा कमरेला बांधून फौजेबरोबर माळव्यात उतरला होता. तात्यांनी शिवलेली कनात उभी केली की बोट मारावं नि ढोलकीसारखी वाजावी, इतकी ताठ. नवख्या कारागिराच्या कापडाला कुठं जरा झोळ दिसला, तर तात्या तोंडानं काही बोलत नसत. कात्री घेऊन त्याची सगळी शिवण उसवत आणि कापड त्याच्या मांडीवर ठेवून निघून जात.

घरीही तोच खाक्या. त्यांच्यापुढं बोलायची हिंमत फक्त एकाची, थोरल्या मुलाची, सुधाकरची. हा पोरगा भांडखोर म्हणजे भांडखोर. लढाईच्या दिवसांत अठराव्या वर्षी आरमारात भरती झाला, तेव्हा स्टेशनवरसुद्धा गाडी कोणत्या फलाटावर लागणार यावरून बापाशी वाद घातला. जिंकला, आणि मगच डब्यात चढला. तात्या दोन दिवस फुरंगटून होते. पण अंबिकाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, तिसऱ्या दिवशी म्हणाले, “घर कसं गपगार झालंय.”

शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात खलाशांनी काम थांबवलं, त्यात सुधाकर होता. त्याला आधी कोठडीत ठेवलं, मग नाव कापून घरी पाठवलं. परतला तो वेगळाच माणूस. दंगा नाही, रडणं नाही, काही नाही. जेव म्हटलं की “बरं”. झोप म्हटलं की “बरं”. देवास गेटच्या मोटार अड्ड्यावर पोत्यांची मोजदाद करायचं काम तात्यांनी लावून दिलं, तेही “बरं”. मालकानं सहा महिन्यांनी काढून टाकलं, तरी “बरं”. तात्या मुद्दाम वाकडं बोलून बघत. म्हणत, आरमारात तुम्हाला भाकरी भाजायलाच ठेवलं होतं की काय? पूर्वी या एका वाक्यावर घर डोक्यावर घेतलं असतं पोरानं. आता नुसता बघायचा, आणि बरं म्हणायचा. दोन वर्षं हे असंच.

“पोरगं आलंय, पण आलेलं नाही,” अंबिकाबाई एकदा म्हणाल्या. त्या दिवसापासून तात्यांच्या जिवाला एकच घोर लागला, की आपल्याला आपला मुलगा परत मिळणार आहे की नाही.

अठ्ठेचाळीस साली संस्थान गेलं, मध्यभारत आलं, आणि फरासखान्याला कुलूप लागलं. निकालात काढलेलं तंबूचं कापड तात्यांनी घरी आणून माळ्यावर टाकलं. त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. शेजारचे पोस्टातले मधुकरराव ओट्यावर बसून गप्पा हाणत होते. बोलता बोलता म्हणाले, बिनइंजिनाची नाव म्हणजे काय भई, हवा नेईल तिकडे जायचं. सुधाकर कोपऱ्यात बसला होता. तो हळूच म्हणाला, “शिडाची नाव वाऱ्याच्या समोरसुद्धा जाते.”

“समोर? म्हणजे जिकडून हवा येते, तिकडे?” मधुकरराव पोट धरून हसले. “अरे, खालीपिली काय थापा मारतोस. मग पतंगपण उलटा उडत असेल तुमच्या मुंबईत.”

सुधाकर म्हणाला, “बरं.” पण दुसऱ्या दिवशी तो रामघाटावर गेला आणि एका केवटाची, म्हणजे नावाड्याची, मोडकी होडी मागून आणली. ती बैलगाडीतून उंडाशाच्या तलावावर नेली. महिनाभर एकटाच तिथं खपत होता. भेगा बुजवल्या, डोलकाठी उभी केली, दोन्ही अंगांना पाण्यात उतरणाऱ्या फळ्या बसवल्या. मग एके दिवशी तात्यांपुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तात्या, एक शीड शिवून द्याल?”

दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं काहीतरी मागितलं होतं. तात्यांनी लगेच माळ्यावरचं कापड खाली ओढलं.

सुधाकरनं जमिनीवर कोळशानं आकार काढून दिला. जाताना एवढंच म्हणाला, “मधे थोडं पोट ठेवा. अगदी ताठ नको.” तात्यांनी हूं केलं. आणि मग काय केलं? जे चौतीस वर्षं केलं तेच. पोट ठेवा म्हणे! नेवासकरांच्या हातच्या कापडाला पोट? पोराला आपली कारागिरी दाखवायची होती त्यांना, अगदी जीव ओतून. आठ दिवस तळहाताला चामडं बांधून दाभण चालवलं. पट्ट्या सरळ कापल्या, दुहेरी शिवल्या, कडेनं दोर घालून असं आवळलं की सुरकुती शोधून सापडू नये. सुधाकरनं शीड उलगडून पाहिलं. त्याचा हात मधल्या शिवणीवर जरा थांबला. मग तो म्हणाला, “बरं.”

श्रावणातल्या एका उघडिपीला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ही गर्दी. मधुकररावांनी अर्धं पोस्ट आणलं होतं. पश्चिमेचा वारा भन्नाट सुटलेला, आणि जायचं होतं पश्चिमेलाच, पलीकडच्या बाभळींपाशी. सुधाकरनं शीड चढवलं. ते कनातीसारखं ताठ उभं राहिलं, आणि होडी खेकड्यासारखी आडवी सरकत सरकत निघाली. त्यानं वळवली, पुन्हा आडवी. चार वेळा प्रयत्न केला आणि शेवटी जिथून निघाला होता त्याच्याही मागं, चिखलात, येऊन रुतला. लोक हसून हसून बेजार. तात्या चिखलातून त्याच्यापाशी गेले. विचारलं, “काय बिघडलं रे?”

“काही नाही. वारा बरोबर नव्हता.”

वारा चोख होता. तात्यांना ते कळत होतं, आणि पोराला माहीत होतं तेही कळत होतं. तुम्ही माझं ऐकलं नाहीत, एवढं एक वाक्य तो बोलला असता तर तात्यांनी त्याला उचलून घेतलं असतं. तो शिडाची घडी घालत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्यांनी ते शीड अंगणात पसरलं आणि बायकोला हाक मारली. “अगं, सपाट कापडाला पोट कसं आणतात?”

अंबिकाबाई गल्लीतल्या बायकांच्या चोळ्या शिवत. त्यांनी शिडाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. “एवढी वर्षं संसार केलात, नि हे आत्ता विचारताय?” मग दोन चिंध्या घेतल्या. त्यांच्या कडा सरळ न ठेवता जराशा बाकदार कापल्या आणि बाकाला बाक जोडला. सपाट चिंधी त्यांच्या तळहातावर वाटीसारखी बसली. “कापड ओढून नाही, कापून फुगतं,” त्या म्हणाल्या. तात्या ती चिंधी कितीतरी वेळ उलटीपालटी करत होते. आपल्याच घरात, आपल्या शेजारी बसून ही बाई रोज हे करत होती, आणि आपण तिच्या कामाला बायकी शिवण म्हणत आलो. त्यांना अगदी थक्क व्हायला झालं.

मग त्यांनी कात्री घेतली आणि आपलीच शिवण उसवायला बसले. संध्याकाळी सुधाकर आला तेव्हा पट्ट्या सुट्या पडल्या होत्या. तात्या मान वर न करता म्हणाले, “तू पोट ठेवा म्हणाला होतास. मी ठेवलं नाही. माझं चुकलं.” सुधाकर उभाच राहिला. बरंसुद्धा म्हणाला नाही.

पण किती बाक द्यायचा? चोळी कशी, बाई समोर असते. कच्चे टाके घालायचे, म्हणजे लांब लांब, नुसते धरून ठेवणारे. अंगावर चढवून बघायचं, सैल कुठं, घट्ट कुठं ते हेरायचं, आणि मग पक्की शिवण मारायची. “हे ज्याच्या अंगाला बसायचंय त्याच्याच अंगावर घालून बघा की,” अंबिकाबाई म्हणाल्या. ते अंग होतं वाऱ्याचं. म्हणजे शीड कच्च्या टाक्यांवरच तलावात न्यायचं आणि शिंप्यानं होडीत बसून खुणा करायच्या. तात्यांना पोहता येत नव्हतं. रामघाटावर तिसऱ्या पायरीच्या खाली त्यांनी आयुष्यात पाय ठेवला नव्हता.

तरी ते बसले. या वेळी पाळीवर कुणी नव्हतं, चार म्हशी होत्या. एका हातानं होडीचा काठ गच्च धरलेला, दुसऱ्या हातात कोळसा, ओठांवर महाकालाचं नाव. सुधाकरनं दोर ओढला आणि शीड भरलं.

तात्यांनी असं कापड कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर त्यांनी कापडाला वाऱ्याविरुद्ध उभं केलं होतं. इथं वारा कापडात शिरत होता आणि बाकावरून घसरून निघून जात होता. होडीनं एका बाजूला अंग टाकलं आणि तिरकी पुढं सुटली. पुढं! वारा समोरून तोंडावर आदळत होता आणि ते पुढं जात होते, ते, पोरगा, ती होडी, सगळंच. डाव्या हाताच्या बाभळी जवळ यायला लागल्या. मग सुधाकरनं सुकाणू फिरवलं, शीड फडफडलं, दुसरीकडून भरलं आणि होडी उजवीकडे तिरकी निघाली. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. सरळ एक हातभरही नाही, आणि तरी प्रत्येक खेपेला थोडी वाऱ्याच्या घरात. पाण्यावर मागं राहिलेल्या रेषा गोधडीवरच्या तिरक्या टाक्यांसारख्या दिसत होत्या. ज्याला हरवता येत नाही त्याच्याशी असं वागता येतं, हे त्यांना साठीला येऊन कळत होतं. मुंबईच्या समुद्रावर आपला पोरगा हे रोज करत होता, एवढं जाणत होता, आणि आपण त्याला पोती मोजायला बसवलं. त्यांचे डोळे भरून आले. भीती कुठं गेली कोण जाणे.

मधल्या शिवणीतला एक टाका ताणून तुटला. तात्या काठ सोडून उठले आणि तिथं कोळशाची खूण करायला लागले. खालचा दुसरा तुटत होता, तिथंही करायची होती. मागून सुधाकर काहीतरी म्हणत होता. ते म्हणाले, “थांब रे, एवढं होऊ दे.”

“तात्या, डोकं खाली!”

शिडाखालचा बांबू त्यांच्या टोपीवरून सणकन गेला. टोपी पाण्यात. तात्या होडीच्या तळाला आडवे.

“केव्हाचा ओरडतोय, ऐकू येत नाही का तुम्हाला? कायम आपलंच खरं! हा तुमचा फरासखाना नाही. इथं मी सांगेन ते ऐकायचं, समजलं? कपाळमोक्ष झाला असता आत्ता!”

तात्या उठले नाहीत. तळाशी साचलेल्या पाण्यात पडून वर पोराच्या लालबुंद चेहऱ्याकडे बघत राहिले.

“लागलं का?” सुधाकरचा आवाज बदलला.

“नाही रे,” तात्या म्हणाले. “वळव अजून.”

चिंब कपड्यांनी, बोडक्या डोक्यानं ते घरी आले तेव्हा अंबिकाबाई पीठ मळत होत्या. तात्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसले. म्हणाले, “अगं, सुधाकर माझ्यावर ओरडला.”

बाईंचे हात परातीत तसेच थांबले. “ओरडला? तुमच्यावर?”

“चांगला कडकडून. म्हणाला, तुमचा फरासखाना खड्ड्यात घाला.”

बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला अंगणातून सुधाकर आत आला नि म्हणाला, “खड्ड्यात घाला असं मी मुळीच म्हणालो नाही. काहीतरी सांगू नका, तात्या.”

“म्हणालास. मी ऐकलं.”

“तुम्हाला ऐकू आलं असतं तर टोपी गेली नसती.”

दोघांची जी जुंपली ती थांबेचना. आवाज चढले, मधुकररावांनी खिडकी उघडून डोकावून पाहिलं. अंबिकाबाईंनी दोघांची ताटं वाढली, समोर बसल्या, आणि जेवण गार होऊ दिलं.