सहीआधी तिकीट

हडपसरच्या फलाटावर एक गृहस्थ रोज दिसायचे. बाकावर आधी रुमाल अंथरायचे, मगच बसायचे. मागच्या डब्यात चढत असतील, असं मी धरून चाललो होतो.

सकाळची शटल बंद होणार म्हणून सह्यांचा कागद तेच फिरवत होते. मी पेन काढलं, तर त्यांनी कागद मागे घेतला.

"आधी तिकीट दाखवा. तिकिटं खपत नाहीत म्हणूनच तर बंद करतायत."

एवढ्याशा अंतराला तिकीट कोण काढतं? मी मुकाट्यानं खिडकीवर जाऊन आलो. चष्मा वर करून त्यांनी तिकीट तपासलं आणि कागद पुढे केला.

गाडी आली. आम्ही चढलो, ते रुमालाची घडी घालत खालीच उभे.

"अहो, चढा की!"

"मला कुठं जायचंय? रिटायर होऊन चार वर्षं झाली. मी नुसतं तिकीट काढतो."