रिकाम्या चिमटीतले गव्हले

१८ एप्रिल, गुरुवार. सकाळच्या एसटीने अमरावतीहून अकोटला पोचले. ऊन कडक. पौर्णिमाच्या लग्नाचे गव्हले आज सुरू झाले. ताईने मला ओळखले नाही.

एवढं लिहून सुभद्राबाईंनी डायरी मिटली. शेवटचं वाक्यही इतर वाक्यांसारखंच वळणदार अक्षरात उतरलं होतं. पेनाचं टोपण मात्र लावताना दोनदा निसटलं.

चतुराबाई त्यांची थोरली बहीण. वडिलांनी धाकटीला अमरावतीच्या कॉन्व्हेंटात घातलं, थोरली घरीच राहिली. सुट्टीत आलेल्या सुभद्रेची वेणी ताईच घालायची, आणि घालताना गुंता काढत दोन टपल्याही द्यायची. त्याच ताईनं आज सुनेला विचारलं, "ही बाई कोन हाय वं, जमुना? तिले चहा दे." ओळख विसरली होती, पाहुणचार नाही. सुभद्राबाईंना तो चहा गिळवला नाही. आपण आता ताईच्या कोणीच नाही का, एवढंच मनात घोळत राहिलं.

"डॉक्टर म्हनतात, बोटायले काम द्या. बोटं चालली का डोकंबी चालते," जमुना सांगत होती. "दाबाले रबराचा चेंडू देल्ला, तं अंगनात फेकला. म्हने, मी का लेकरू हाय?"

"मग घरातलं काही काम?"

"काहून करू द्यायचं, मावशी? जलमभर राबल्या. म्या तं हातात सुईबी येऊ देत नाही."

प्रेमानंच बोलत होती बिचारी.

ओसरीवर परातीभोवती बायका बसल्या होत्या. सवाष्णींनी मुहूर्त केला होता. कणकेची बारीक सळी चिमटीत धरून त्या तांदळाएवढे गव्हले वळून ताटात टाकत होत्या. लग्नाच्या खिरीचे गव्हले. विधवेनं त्यांना हात लावायचा नाही. म्हणून चतुराबाईंची खाट जरा लांब, भिंतीशी होती. एकेकाळी आळीतल्या लग्नघरांतून त्यांनाच आधी बोलावणं यायचं.

सुभद्राबाई खाटेवर टेकल्या. ताईचा उजवा हात थरथरत होता. कंप असेल, असं वाटलं. मग त्या बघतच राहिल्या. अंगठा तर्जनीवरून सरकायचा, हलकेच मागे यायचा, बोटं उघडायची. पुन्हा तेच. ताई रिकाम्या चिमटीत गव्हले वळत होती आणि पदरावर टाकत होती.

सुभद्राबाई उठल्या, परातीतली कणीक तोडली आणि सरळ ताईच्या चिमटीत दिली.

"अवं माय! त्यायच्या हाती काहून देता?" एक बाई दचकली.

"घेऊ द्या त्यायले," हळदीसाठी बांगड्या निवडत बसलेली पौर्णिमा म्हणाली. "लग्न कोनाचं हाय? माह्या खिरीत आजीच्या हातचेच गव्हले पायजेत."

जमुना घुटमळली. लेकीकडे पाहिलं, सासूच्या हाताकडे पाहिलं. मग तिनंच एक ताट उचलून खाटेवर ठेवलं.

चतुराबाईंनी कणीक बोटांत दाबली आणि कपाळाला आठी घातली. "सैल हाय. कोनं भिजवली?"

"म्या, आत्याबाई," जमुना पुटपुटली.

"वाटलंच मले."

गव्हले पडू लागले, टोकदार, एकासारखा एक. शेजारी सुभद्राबाईंनीही वळायला घेतलं. त्यांचे मुगाएवढे होत होते. मग ताईनं त्यातला एक उचलून उजेडात धरला.

"सुभे, हा गव्हला हाय का लाडू? एवढी इंग्रजी शिकली, पन बोट काही वळलं नाही तुहं."

बायका हसल्या. सुभद्राबाईही हसल्या, पण ताट त्यांना नीट दिसेना.

दिवेलागणीला ताईनं पुन्हा विचारलं, "ही बाई कोन हाय?" सुभद्राबाईंनी जवळ सरकून आपला जाडा गव्हला तिच्या तळव्यावर ठेवला. ताईनं तो चाचपला आणि त्यांच्या डोक्यात हळूच टपली मारली.

त्या संध्याकाळी डायरीत एक ओळ वाढली: गव्हले सूपभर झाले. उद्या कणीक घट्ट भिजवायची.