लाल ठिपका

सहा फुटांचा मिशीवाला गडी बांगड्यांच्या दुकानात उभा राहून नेलपॉलिश मागायला लागला, तर अख्खा बाजार हसणारच. संगमनेरचा बाजारही हसायचा. "कुणासाठी रे गंगाधर?" बांगडीवाली मुद्दाम मोठ्याने विचारायची. "माज्या लेकरांसाठी," असं म्हणून तो बाटली खिशात टाकायचा आणि चालू पडायचा. लग्न न झालेल्या माणसाची लेकरं म्हणजे दुरुस्तीला आलेली यंत्रं. रेडिओ असो, टेपरेकॉर्डर असो, नाहीतर पुढच्या काळातला कॉम्प्युटर. आतला जो भाग चांगला आहे अशी त्याची खात्री पटायची, त्यावर तो लाल ठिपका द्यायचा. लोकांना ते खूळ वाटायचं. कसलं खूळ! तो सूड होता. त्यामागचं खरं काय ते तीनच माणसांना ठाऊक होतं: गंगाधरला, शेठला आणि मला.

एकाहत्तर-बाहत्तर साली शेठच्या रेडिओच्या दुकानात मी पावत्या लिहायचे आणि तिसगावहून आलेला गंगाधर तिथे मेकॅनिक होता. तेव्हा रेडिओत काचेचे पाच-सहा व्हॉल्व्ह असायचे आणि त्यातला एक जरी दमला तरी सगळा रेडिओ खरखरायचा. गंगाधर एक व्हॉल्व्ह काढायचा, त्या जागी चांगला लावून ऐकायचा, मग पहिला परत बसवून पुढच्याला हात घालायचा. मी वैतागायचे. "अरे, सगळे एकदम बदल की! किती कीस पाडतोस!"

"एका टायमाला एकच, ताई," तो म्हणायचा. "दोन बदलले की खोटारडा कोन ते कळत न्हाई."

पुढे दुकानातून दुरुस्त होऊन गेलेले रेडिओ महिन्याभरात बसायला लागले. एके दिवशी एक मास्तर भर दुकानात कडाडले, की माझे चांगले व्हॉल्व्ह काढून तुम्ही मरतुकडे घातलेत. शेठने जराही न अडखळता गंगाधरकडे बोट केलं आणि त्याची पिशवी काउंटरवर उलटी केली. पकड, चिमटा, फडक्यात बांधलेली भाकरी आणि एक कांदा. बाकी काही नाही. "विकून मोकळा झाला असेल चोर!" शेठ म्हणाला.

गंगाधरने माझ्याकडे पाहिलं. माझं टेबल आतल्या खोलीच्या पडद्याला लागून होतं. दोनच दिवसांपूर्वी त्या पडद्यामागे शेठ स्वतः गिऱ्हाइकाच्या रेडिओतले व्हॉल्व्ह काढत होता आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मान खाली घातली आणि पावतीपुस्तकावर पेनने रेघा मारत बसले. नोकरी जाईल म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, उगाच सजवून कशाला सांगू?

गंगाधरची नोकरी गेली. तिसगावला त्याचं लग्न ठरलं होतं, तेही मोडलं. दुसरा कोणी असता तर गाव सोडून गेला असता. ह्याने शेठच्या दुकानासमोरच टपरी टाकली. "लांब गेलो तर त्याला गाढ झोप लागंल," म्हणायचा. ठिपके सुरू झाले ते तेव्हापासून.

मी वर्षभरात कॉलेजच्या ऑफिसात लागले आणि ती टपरी टाळायला लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. अशी तीस वर्षं गेली. शेठच्या दुकानात रेडिओ जाऊन कॉम्प्युटर आले, गल्ल्यावर मुलगा आला, शेठ मागे खुर्ची टाकून नजर ठेवू लागला. गंगाधरही पन्नाशी उलटल्यावर शेठच्या नाकावर टिच्चून कॉम्प्युटर शिकला.

माझ्या मुलाने घरी कॉम्प्युटर आणला तोही त्याच दुकानातून. तो चालता चालता मधेच थिजायचा, कधी सगळा पडदा निळा व्हायचा. दुकानात दोनदा नेला, तर जास्तच बिघडून आला. शेवटी मुलगा गंगाधरला घेऊन आला. माझ्याकडे न बघता तो थेट कामाला लागला. कॉम्प्युटर उघडून त्याने मेमरीच्या दोन पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि एकच पट्टी बसवली. अर्धा तास यंत्र सुरळीत चाललं. ती काढून दुसरी बसवली, तर दहा मिनिटांत थिजलं. मग हीच पट्टी त्याने शेजारच्या खाचेत घालून पाहिली. पुन्हा तेच.

"खाच चांगली हाय, पट्टीच मेलीय," तो म्हणाला. "दुकानात गेल्तं का हे?"

"दोनदा," मी म्हणाले.

तो हसला. बाई गं, काय ते हसू! त्याने आपल्याजवळची एक चांगली पट्टी घातली, दोन्ही पट्ट्यांवर ठिपका दिला आणि तो वाळल्यावर त्यात सुईने आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर कोरलं. "आता पुन्ना दुकानात पाठवा. म्हनावं, अजून अडकतंय." असं त्याने आणखी पाच घरांत केलं. सहाही कॉम्प्युटर दुकानातून परत आले, तेव्हा एकातही ठिपका उरला नव्हता.

दसऱ्याला दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना आम्हा सहा घरच्या माणसांना घेऊन तो आत शिरला. "शेठ, तो सुट्या पार्टांचा ड्रॉवर काउंटरवर उलटा करा."

"चल, नीघ!" शेठ खेकसला. "अहो, हा जुना चोर आहे, याचं काय ऐकता?"

गंगाधरने माझ्याकडे पाहिलं. अगदी तसंच.

या वेळी मी बोलले. रस्त्यावरची माणसं थांबली इतका माझा आवाज चढला. "चोर तो नाही, तुम्ही आहात! पडद्यामागे व्हॉल्व्ह कोण काढत होतं? मी पाहिलंय!" मग गिऱ्हाइकांनीच ड्रॉवर उपसला. काउंटरवर पट्ट्या पडल्या, लाल ठिपक्यांच्या, आमच्या अक्षरांच्या. शेठचा मुलगा बापाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"माज्या पिशवीत भाकर निगाली हुती, शेठ," गंगाधर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमच्या ड्रॉवरात काय निगालं, बगा."

दिवाळीच्या आत दुकानाला कुलूप लागलं. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. चांगली जिरली!

त्या दिवशी बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "भाऊ, आता तरी मला माफ करा."

"एका टायमाला एकच, ताई. आज शेठचं झालं. तुमचं अजून हाय."

मी धास्तावले. पण त्याने काहीच केलं नाही. रोज सकाळी तो आमच्या दारावरून टपरीकडे जायचा. मी हाक मारायचे, "गंगाधरभाऊ, चहा घेऊन जा." तो मान खाली घालायचा, खिशातून एक छोटी वही काढायचा आणि तीत पेनने रेघ मारत पुढे जायचा. एकदा मी दारात उभी राहून रडले. रेघ मारून तो गेला. असं नऊ वर्षं चाललं. एवढा राग धरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तो राग खोटा होता असं म्हणायला मला तोंडही नाही.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. टपरी आवरताना त्याच्या भाच्याला ती वही सापडली. वर माझं नाव होतं म्हणून त्याने ती मला आणून दिली. पानंच्या पानं नुसत्या रेघा. मी शेवटपर्यंत उलटत गेले. शेवटच्या पानावर रेघ नव्हती, लाल ठिपका होता. त्यात सुईने माझं अक्षर कोरलेलं.

भाऊ, हा जिवंतपणी दिला असतात तर काय बिघडलं असतं हो?