गोळीवरची प्रार्थना

वर्ध्याच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर बोरगाव मेघेच्या एका बाईचा नवरा होता. ती त्याची प्रत्येक गोळी आधी तळहातावर घेई, डोळे मिटून येशूजवळ पुटपुटे आणि मगच त्याला देई. हे सगळं होईपर्यंत मी उगाच चिडायचो.

"मंग डॉक्टर कशाले पायजे?" बाबांनी एकदा खवचटपणे विचारलं.

"गोळी डॉक्टरचीच हाय, काका. तिले गुण येऊ दे, एवढंच मांगतो."

चार-सहा दिवसांनी तिचा नवरा वारला. दुसऱ्या दिवशी ती राहिलेलं सामान न्यायला आली. बाबांनी आपली दुपारची गोळी तिच्यापुढे धरली.

तिनं ती तळहातावर घेतली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पाण्याचा पेला हातात धरून बाबा थांबून राहिले.