किल्लीवाली

त्या शिवणखोलीत हसू फुटलं की समजावं, धाकटी बोलतेय. ओळीनं मांडलेल्या मशिनांवर बायका शाळांचे गणवेश शिवायच्या आणि बाथरूमची किल्ली सुपरवायझरबाईंच्या गळ्यात असायची. हात वर करायचा, बाईंनी मान हलवली तर जायचं. धाकटी त्या मानेची नक्कल अशी करायची, की शेजारच्या मशिनवरच्या तिच्या थोरल्या जावेची शिलाई वाकडी जायची. "पुरे गं मेले, उसवायला लावशील!" दोघींचं घर एक, चूल एक. घरात शब्द थोरलीचा. धाकटीची बाळंतपणंसुद्धा तिनंच काढलेली.

बाई काम सोडून गेल्या आणि मालकांनी थोडा पगार वाढवून किल्ली धाकटीकडे दिली. "तुमचं सगळ्यांशी जमतं, म्हणून."

तिनं ती सरळ खिळ्याला अडकवली. "जिला लागेल तिनं उठा, बायांनो. पोटाला काय घड्याळ कळतंय?"

आठवडाभरानं मालक एवढंच म्हणाले, "माल मागे पडलाय. बाथरूमपाशी अड्डा जमतो म्हणे." किल्ली खिळ्यावरून गळ्यात आली. घाई संपेपर्यंतच हो, असं तिनं घरी जावेला सांगितलंही.

पण आपल्यासाठी वर झालेला हात ही मोठी वाईट चटक. सासूला विचारून, नवऱ्याला विचारून जिचं आयुष्य गेलं, तिला आता कुणीतरी विचारत होतं! आधी ती लगेच मान हलवायची. मग जरा थांबून. मग, "आत्ताच तर गेली होतीस ना?" असं म्हणून. ती जवळ आली की बायका गप्प व्हायच्या. तिला वाटे, मान राखतात. तिची मान अगदी जुन्या बाईंसारखी हलते, हे सगळ्यांना दिसत होतं, फक्त तिला सोडून. आणि नक्कल करून दाखवायला खोलीत आता कुणी उरलं नव्हतं.

थोरलीला साखरेचा आजार. तिला वरचेवर उठावं लागायचं. एका दुपारी मालक नवी ऑर्डर समजावत असताना तिचा हात वर झाला.

"थांबा जरा, जाऊबाई. नियम सगळ्यांना सारखा."

मालक खूश होऊन गेले. ते गेल्यावरही धाकटीनं वळून पाहिलं नाही. तसं कुणी सांगितलं नव्हतं. थांबू दे अजून थोडं, असं आपलं वाटलं. मग गठ्ठे मोजण्यात ती विसरूनच गेली. मागे हात खाली गेला आणि मशिन चालू राहिलं.

सुट्टी झाली, बायका निघाल्या. थोरली उठेना.

"चला ना, बस चुकेल."

थोरली सुईकडे बघत बसलेली. धाकटी जवळ गेली, तेव्हा तिला दिसलं. ओलं स्टूल, ओले कपडे, खालची फरशी.

"अहो, हाक मारायची! गळ्यातली किल्ली ओढून घ्यायची होतीत!"

थोरलीनं वर पाहिलं. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "आता जाऊ का?"

टोमणे मारण्यात थोरलीचा हात कुणी धरू शकत नसे. पण हा टोमणा नव्हता.

धाकटीनं आपली ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली, आणि फरशी गुडघ्यांवर बसून पुसली. दुसऱ्या दिवशी मशिनच्या पेचकसानं तिनं बाथरूमच्या दाराची बाहेरची कडीच कुलपासकट उखडली. मालक ओरडले, किल्ली गेली, वाढलेला पगार गेला. नवी कडी लावायला सुतार आला, तेव्हा साऱ्या बायका मशिनं बंद करून दाराशी उभ्या राहिल्या. तो हत्यारं घेऊन परत गेला.

घरी थोरली तिला पहिल्यासारखीच झापते. "भाताकडे बघ, लक्ष कुठंय?" पण शिवणखोलीत उठायची वेळ आली, की अजून तिचा हात अर्धा वर जातो आणि नजर धाकटीकडे वळते. समजावून झालं, रडून झालं, पायाही पडून झालं. हात काही ऐकत नाही.

आता तो हलला, की धाकटी आधी स्वतः उठते. "चला हो जाऊबाई, मलाच घाई झालीय."