गरम हवेची बाजू

साकीनाक्याचे ते एसी मिस्त्री एका जागी कधी उभे राहत नसत. बोलता बोलता मशीनच्या मागे जाऊन तिथल्या हवेत हात धरायचे. "मशीन थंडी बनवत नाही रे, खोलीतली गरमी उचलून बाहेर टाकतं. थंड देशात हेच उलटं चालवतात, बाहेरची गरमी आत." कॉलेजात न समजलेलं मला त्यांच्या दुकानात बसून समजलं.

म्हणून मीच त्यांना घाटकोपरच्या साहेबांकडे नेलं. साहेबांच्या मुलीची शिकवणी माझ्याकडे होती, त्यातूनच माझी कॉलेजची फी निघायची. मिस्त्रींनी मागच्या खिडकीत एसी बसवला, चालू केला आणि कुठेतरी निघून गेले. परतले ते घामाघूम होऊन. मागच्या चाळीच्या गॅलरीत जाऊन उभे राहिले होते.

"साहेब, तिकडे हातभर अंतरावर बाळंतीण झोपते. सगळी गरमी तिच्या अंगावर जातेय. रस्त्याकडच्या खिडकीत लावू ना."

"तिकडे माझं कपाट आहे. तू स्क्रू आवळ."

मिस्त्री स्क्रू काढू लागले. साहेब माझ्याकडे बघत राहिले.

"बघतोस काय? धर ना दुसरी बाजू!" मिस्त्री माझ्यावर खेकसले.

मशीन फार जड होतं. साहेबांकडे न बघता मी ते धरलं.